चाळणीचीच परीक्षा

मी आयुष्यभर लोकांना नापास करत आले आणि त्याचा पगार घेतला. दिवाळी अंकाच्या संपादकांनी "नोकरीतले अनुभव लिहा" म्हणून फोन केला तेव्हा मी त्यांना हेच सांगितलं, की बाबांनो, चकली-करंजीबरोबर वाचायला हे काही बरं नाही. ते हसून म्हणाले, "मॅडम, आम्हालाही कधीतरी कुणीतरी नापास केलंच आहे. लिहा." तेव्हा चौलच्या घरी पडवीत बसून लिहायला घेतलं आहे. वाडीत आमचे हे नारळ पाडायला आलेल्या माणसाशी हुज्जत घालताहेत, त्यामुळे तासभर तरी चहाची फर्माईश येणार नाही.

न्हावा शेव्याच्या बाजूला एका खाजगी कंटेनर यार्डात मी निवड अधिकारी होते. यार्ड म्हणजे काय, तर बोटीतून उतरलेले लोखंडी डबे रचून ठेवायचं मैदान. खोलीएवढे डबे, एकावर एक चार-पाच. ते उचलायला चाकांवर चालणाऱ्या क्रेन असतात, दोन पाय अलीकडे, दोन पलीकडे आणि मधून डब्यांची रांग. वर काचेच्या केबिनमध्ये ऑपरेटर बसतो. त्याच्या पायाखालीही काच, त्यातून तो खाली वाकून बघतो आणि हाताशी असलेल्या दोन दांड्यांनी डबा उचलतो, सरकवतो, ट्रेलरवर ठेवतो. हा माणूस कोण असावा, हे ठरवायच्या परीक्षा मी घ्यायची.

परीक्षा म्हणजे चाळणी. तांदूळ वर राहावा, कणी खाली पडावी, एवढीच तिच्याकडून अपेक्षा. पण भोकं वेडीवाकडी असली तर चांगला तांदूळही खाली जातो आणि खडे वर राहतात. बाहेरच्या लोकांना वाटतं की निवड अधिकारी उमेदवारांची परीक्षा घेतो. अर्धा वेळ तो चाळणीची परीक्षा घेत असतो, निदान घेतली पाहिजे. आमच्याकडच्या चाळण्या बहुतेक दूरच्या कुठल्याशा शहरातून विकत आणलेल्या, आणि त्यांची भोकं तिकडच्या धान्याच्या मापाची.

आम्ही एक स्वभावचाचणी वापरायचो. त्यात एक वाक्य होतं, "मला एकटं राहायला आवडतं", खाली हो किंवा नाही. नागावचा एक मुलगा बराच वेळ पेन चावत बसला आणि मग हात वर करून म्हणाला, "मॅडम, एकटं म्हंजे कितीजनांत?" त्याच्या घरी तीन चुलते, त्यांची पोरंबाळं, आजी आणि दोन म्हशी. एकटं राहणं ही गोष्ट त्याने कधी करूनच पाहिली नव्हती, तर आवडतं की नाही हे तो कुठून सांगणार?

त्याच चाचणीत पुढे होतं, "मला कधीही राग येत नाही". हे वाक्य खोटं बोलणाऱ्यांना पकडायला घातलेलं असतं, कारण राग न येणारं माणूस जन्माला यायचं आहे. कँटीनच्या देखरेखीसाठी आलेली करंजा गावची एक बाई त्या वाक्याशी पोचल्याबरोबर उभीच राहिली. "यो पेपर कोनी काढलाय? त्याला बोलवा. मना आताच राग आलाय." मी तिला तिथल्या तिथे पसंत केलं. पुढे तिच्या कँटीनमध्ये मोठे साहेबसुद्धा ताटात भात टाकायला घाबरत.

आणि एकदा लेखी परीक्षेत अगदी पहिला आलेला मुलगा क्रेनवर चढला तो खाली उतरेना. खाली बघितलं की डोळे गच्च मिटायचा. सगळं यार्ड थांबलं. शेवटी एक जुना ऑपरेटर वर गेला, त्याला पाठमोरं करून त्याच्याशी क्रिकेटच्या गप्पा मारत मारत एकेक पायरी खाली घेऊन आला. आमच्या पेपरात गणित होतं, इंग्रजी होतं, सामान्यज्ञान होतं. उंचीची भीती वाटते का, हे कुणी विचारलंच नव्हतं.

आता मुख्य गोष्ट सांगते.

शिकाऊ क्रेन ऑपरेटरांची मोठी भरती निघाली. त्याआधी दोन छोट्या भरत्यांपासून आमच्याकडे नकली क्रेन आली होती. एका थंडगार खोलीत खुर्ची, खुर्चीला दोन दांडे, समोर आणि पायाखाली पडदे. पडद्यावर यार्ड दिसायचं, वारा सुटायचा, डबा हलायचा. पोरं तिला "गेम" म्हणायची. मशीन स्वतःच गुण द्यायचं आणि वर शेराही मारायचं. आमचे सरदेसाई साहेब तिच्यावर फार खूश होते. पुण्याचे, आकड्यांचे प्रेमी, आणि माणूस सरळ. म्हणायचे, "मशीनला मामा नाही, काका नाही. वशिला संपला."

निकाल लागला. शहरांतून, पॉलिटेक्निकमधून आलेल्या मुलांतली निम्म्याहून जास्त पुढे सरकली. उरणकडच्या आमच्या गावांतली हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. आणि गावांतल्या बायकांतली तर एकही नाही. गावच्या मुलांपैकी बहुतेकांच्या नावापुढे मशीनचा एकच शेरा होता, "सूचनेआधी हालचाल. अधीर. अपात्र." जी थोडी त्यातून सुटली, त्यातल्या बायका शेवटच्या चाचणीत गळाल्या. त्या चाचणीत वाळूची पिशवी पाठीला बांधून शिडी चढायची होती.

साहेब म्हणाले, "बघा, मी म्हणत होतो ना? इथली मुलं तापट. धीर नाही. आकडे खोटं बोलत नाहीत."

"नाही बोलत," मी म्हटलं, "पण विचारलं तेवढंच सांगतात."

दुसऱ्या दिवशी गेटवर बबनशेठ आले. हे गावचे पुढारी. पांढरे कपडे, पांढरी गाडी आणि आवाज असा की माईक लाजावा. "मॅडम, आमची मिठागरं गेली तवा तुमचं यार्ड झालं. आता आमच्या पोरांना पासिंगचे मार्क कमी करा, नायतर गेट बंद!" त्यांच्या बोलण्यातलं पहिलं वाक्य अगदी खरं होतं, आणि ते ऐकताना मला नेहमीच खाली बघावंसं वाटायचं. दुसरं मात्र मला पटत नव्हतं. मार्क कमी करून घेतलेल्या मुलाला लोक जन्मभर "सवलतीतला" म्हणतात. शिवाय क्रेनच्या खाली कुणीतरी उभा असतो, आणि तोही त्याच गावचा असतो.

आमच्या धंद्यात हा प्रसंग फार जुना आहे. दोन गटांच्या निकालात मोठा फरक दिसला की दोन प्रकारची घाईची माणसं उठतात. एक म्हणतं, तो गटच तसा. दुसरं म्हणतं, परीक्षाच लबाड. पंचाईत अशी की दोघंही कधी कधी बरोबर असतात. लाल-हिरवा ओळखायची चाचणी घेतली तर तीत बायकांपेक्षा पुरुष जास्त नापास होतात, कारण तो दोष पुरुषांत जास्त. म्हणून काही कुणी पुरुषांवर अन्याय झाला म्हणत नाही. क्रेनवर लाल दिवा लाल दिसायलाच हवा. म्हणजे फरक आहे की नाही, एवढं बघून भागत नाही. परीक्षा जे मागते आहे, ते काम मागतं का, हे बघावं लागतं. काम धीर मागतं, यात शंका नव्हती. मशीन जे मोजत होतं तो धीरच होता का, हे मला कळत नव्हतं आणि त्यामुळे मी घरीदारी सगळ्यांवर खेकसत होते.

आठवडाभर मी उरणला भाड्याच्या खोलीत राहायचे आणि शनिवारी करंजाहून लाँचने रेवसला, तिथून घरी. त्या शनिवारी ओहोटीमुळे लाँच पलीकडे अडकली होती. धक्क्यावर शेंगा खात बसले होते तर एक ट्रेलर येऊन थांबला. त्यातून एक काटक म्हातारा उतरला आणि चालवणाऱ्याच्या बाजूने तिशीकडे झुकलेली एक बाई. ट्रेलर तिनेच आणला होता. म्हातारा नामदेव, यार्डात रोज डबे नेणारा ड्रायव्हर. मी त्याला तोंडओळखीने ओळखत होते. ती त्याची सून, सुगंधा. तिच्या माहेरी मिठागर होतं, ते गेलं. सासरी आली, ट्रेलर शिकली. नवरा मुंबईला गोदीत. घरात सासू-सासरे, एक मुलगी आणि ही.

"मॅडम, गेटवर सोडत नाय, म्हनून इथं गाठलं," ती म्हणाली. "मी नापास झाले. झाले तर झाले. पन काय चुकले ते सांगा."

"मशीनने 'अधीर' लिहिलंय," मी म्हटलं.

नामदेव भडकला. "अधीर? ही? लगीन झाल्यापासून माझ्या बायकोसंगं एका चुलीवर रांदते ही. अधीर असती तर कवाच पलाली असती!"

"मामा, तुमी थांबा," ती म्हणाली. सासऱ्याला तिच्याकडे मामा म्हणतात. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "मॅडम, वयाची अट हाय. पुढच्या भरतीला मी बसू शकत नाय. ही शेवटची. लहानपनी मिठागराच्या बांधावर बसून मी पहिली क्रेन उभी रायताना बघितली. आमच्याच खाजनात. तवा आई रडत होती आनि मी बघत होते, वरचा मानूस डबा कसा उचलतो. आईला कवा सांगितलं नाय, पन मना तवाच तिथं बसायचं होतं."

मी तिला शेंगा दिल्या. मी म्हटलं, "सोमवारी ये. निकाल बदलायचं वचन देत नाही. तू काय करतेस ते मला डोळ्यांनी बघायचंय." इतके दिवस आम्ही शेजारच्या खोलीत बसून गुणांचे आकडे बघत होतो. उमेदवाराच्या हातांकडे कुणी बघतच नव्हतं.

सोमवारी ती आली. चपला खोलीच्या बाहेर काढल्या, हेही मी आजवर पाहिलं नव्हतं. खुर्चीत बसली. पडद्यावर सूचना आल्या, इंग्रजीत आणि हिंदीत, की हिरवा दिवा लागेपर्यंत दांड्यांना हात लावू नका. तिने त्या नीट वाचल्या, मान डोलावली. मग दोन्ही हातांनी दोन्ही दांड्यांना स्पर्श केला, हात कपाळाला लावले, छातीला लावले आणि मांडीवर ठेवून शांत बसली.

मशीनने पीं केलं. अधीर. अपात्र.

मी ओरडलेच. "अगं, हात लावू नका म्हणून आत्ता वाचलंस ना!"

ती दचकली. "हात कुठं लावला मॅडम? पाया पडले."

मी मटकन खाली बसले आणि हसू लागले. ती बिचारी घाबरली, तिला वाटलं बाईंचं डोकं फिरलं. नामदेव दारातून आत डोकावून विचारत होता, "काय झालं? मोडला काय?"

झालं होतं ते असं. आपल्याकडे हत्याराला, गाडीला, होडीला हात लावून नमस्कार केल्याशिवाय दिवस सुरू होत नाही. ट्रेलरवाला स्टिअरिंगला, मिठागरवाला दंताळ्याला, कोळी वल्ह्याला. ज्याच्यावर पोट चालतं त्याच्या पाया पडायचं, आणि ते इतकं सवयीचं की त्याला कुणी "हात लावणं" म्हणत नाही. शहरातली मुलं घरी गेम खेळून खेळून असल्या दांड्यांशी सलगीने वागणारी. त्यांना त्यात पाया पडण्यासारखं काही दिसलं नाही. गावच्या मुलांना ती नोकरी दिसत होती. आमच्या किनाऱ्यावरची मुसलमान मुलं तोंडाने बिस्मिल्ला म्हणत, ते मशीनला ऐकू येत नव्हतं, म्हणून ती त्या शेऱ्यातून सुटली होती. आणि आम्ही सगळे शिकलेले लोक बाजूच्या खोलीत बसून "इथली मुलं तापट" असा निष्कर्ष काढून चहा पीत होतो.

साहेबांना सांगितलं. ते हसले नाहीत. त्यांचा मुद्दा मला मान्य करावा लागला. ते म्हणाले, "नमस्कार असो की काही असो. चालू क्रेनच्या दांड्याला हात लागला तर डबा हलणार. खाली माणूस असेल तर? मशीनला भावना कळत नसतील, पण धोका कळतो." मग म्हणाले, "आणि एका बाईवरून मी भरती उलटवणार नाही. मला पुरावा द्या."

आमच्या धंद्यात चाळणी तपासायची एक साधी युक्ती आहे. जे लोक ते काम आधीच उत्तम करताहेत, त्यांनाच परीक्षेला बसवायचं. ते नापास झाले तर चूक परीक्षेची. मी म्हटलं, "साहेब, आपल्या सगळ्या जुन्या ऑपरेटरांना बसवू या."

तो रविवार माझ्या नोकरीतला सगळ्यात आनंदाचा दिवस. सगळे इस्त्रीचे कपडे घालून आले. काहींच्या बायका मुलांना घेऊन बघायला आल्या. कँटीनच्या त्या रागीट बाईने सगळ्यांसाठी तांदळाच्या भाकरी आणि बोंबलाचं कालवण केलं होतं, आणि जो पास होईल त्याला जास्तीचा बोंबील असं जाहीर केलं होतं.

पहिला मान बाळाशेठचा. यार्डातला सगळ्यात जुना ऑपरेटर, देह असा की खुर्ची कुरकुरली. त्याच्या हातून आजवर एका डब्याला पोचा आलेला नव्हता. त्याने दांड्यांना हात लावला, कपाळाला लावला. पीं. मी शेरा वाचून दाखवला.

"अधीर म्हंजे?"

"म्हणजे तुम्हाला धीर नाही."

"माजी बायको बोलते मी मंद हाय," बाळाशेठ म्हणाला. "आता कुनाचं खरं मानू?" आणि दाराशी उभी असलेली त्याची बायको म्हणाली, "माजंच!"

त्याच्यामागून दुसरा गेला, तिसरा गेला. पीं, पीं. लोक हसून हसून भिंतीला टेकले. एकेकाच्या नावाने आरोळी उठायची, "अधीर आला, अधीर!" सगळ्या जुन्या ऑपरेटरांत मिळून एखाददुसराच त्या शेऱ्यातून वाचला, आणि त्यातल्या एकाने नंतर मला हळूच सांगितलं की तो नमस्कार बाहेर दारालाच करून आला होता.

मग वाळूच्या पिशवीची पाळी. बाळाशेठ तीन पायऱ्या चढला आणि चौथीवर बसला. "मॅडम, वर मी डबा नेतो आनि पान्याची बाटली. येवढी रेती कोनासाठी नेऊ? वर काय स्लॅब टाकायचाय?" ही पिशवी कुठून आली याचा मी आधीच शोध घेतला होता. धक्क्यावर जड सळया वाहणाऱ्या कामगारांची ती जुनी चाचणी. कुणीतरी एकदा यादीत उतरवली आणि मग ती प्रत्येक भरतीला आपोआप येत राहिली. बायका तिच्यात पडायच्या, आणि क्रेनच्या कामाशी तिचा काडीचाही संबंध नव्हता.

साहेब हे सगळं उभ्याने बघत होते. कुणीतरी म्हणालं, "साहेब, तुमी पन बसा." ते बसले. हात गुडघ्यावर, पाठ ताठ. हिरवा दिवा लागेपर्यंत हलले नाहीत. मशीन खूश. मग त्यांनी डबा उचलला, तो झोके घेऊ लागला, त्यांनी उलट दांडा ओढला, झोका वाढला आणि डबा समोरची सगळी रांग पाडून समुद्रात गेला. पडद्यावर शेरा आला, "संयमी". सगळ्यांत मोठ्याने साहेब हसले, आणि त्यांच्याविषयी मला जो काही राग होता तो त्या हसण्यात संपला.

"पण माझा प्रश्न राहिलाच," डोळे पुसत ते म्हणाले. "बाळाशेठ, खऱ्या क्रेनवर हात लावता तेव्हा डबा हलत नाही?"

"साहेब, चावी लावायच्या आधी पाया पडायचं. मशीन झोपलेली असते तवा. जागी झाल्यावर कोन पाया पडतं?"

आमच्या नकली क्रेनला चावीच नव्हती. माणूस खुर्चीत बसला की ती जागी. दुरुस्ती इतकी छोटी निघाली की लाज वाटावी. मशीन बंद ठेवायचं, उमेदवाराने बसायचं, नमस्कार करायचा, बिस्मिल्ला म्हणायचं, नुसतं जांभई द्यायची, ज्याची त्याची मर्जी. "तयार" म्हटल्यावर मग बटण दाबायचं, आणि त्यानंतर हिरव्या दिव्याआधी जो हात लावील तो खरोखरच अधीर. नियम सगळ्यांना सारखा. पिशवी गेली. शिवाय परीक्षेआधी प्रत्येकाला मशीनवर थोडा सराव, कारण गेम खेळून आलेल्याला जे आयतं मिळालं होतं ते बाकीच्यांनाही मिळायला हवं होतं. मार्कांची रेघ जिथल्या तिथे ठेवली. ज्यांना त्या शेऱ्याने किंवा पिशवीने बाद केलं होतं, त्या सगळ्यांना पुन्हा बोलावलं.

बबनशेठना हे पटेना. परत परीक्षा कशाला, सरळ मार्क कमी करा, म्हणून ते माणसं घेऊन गेटवर आले. तेव्हा गर्दीतून सुगंधा पुढे झाली. "काका, मना सूट नको. त्यांना मना तपासू दे. खाली माजा सासरा ट्रेलर घेऊन उबा असतो." त्यावर गर्दीतले बाकीचे सासरे आणि बाप विचारात पडले, आणि गेट उघडं राहिलं.

एक सल मात्र आहे, तो इथेच सांगते. आधीच्या दोन भरत्यांतली जी मुलं याच शेऱ्याने परत गेली होती, त्यांनाही मी निरोप पाठवले. काही आली. काहींची वयं उलटली होती, काही दुसरीकडे चिकटली होती. एकाच्या आईने सांगितलं, "तो आता त्या रस्त्यानं जातच नाय."

फेरपरीक्षा झाली. गावची पुष्कळ मुलं पास झाली, बायकाही झाल्या. फरक कमी झाला, सगळा गेला नाही, आणि जो उरला त्याच्या मागे लागणं हे पुढचं काम होतं. बबनशेठचा पुतण्या पुन्हा नापास झाला, या वेळी अगदी रीतसर. त्याने तीन डबे पाडले. "आता काय?" बबनशेठ म्हणाले. मी म्हटलं, "आता त्याला सराव करू द्या, तो तरुण आहे." त्यांनी मान हलवली आणि पांढऱ्या गाडीत बसून गेले.

सुगंधाचा नंबर दुपारी होता. बंद मशीनच्या पाया पडली. "तयार," म्हणाली. हिरवा दिवा लागला आणि तिने डबा उचलला. मध्येच मशीनने वारा सोडला, डबा झुलू लागला. ती थांबली. दांडा किंचित डब्यामागे नेला आणि परत थांबली. झोका कमी होईना. वर घड्याळ चाललं होतं. मी मनात म्हणत होते, अगं ठेव, ठेव आता, वेळ संपेल. ती ठेवीना. मी पदराचं टोक चावून चिंधी केली. इतका राग मला आयुष्यात कुठल्या उमेदवाराचा आला नसेल. मग झोका मेला आणि तिने डबा अलगद खाली सोडला. घड्याळ संपायला आलं होतं. मशीनने शेरा दिला, "गती कमी. पात्र."

बाहेर नामदेव उकिडवा बसला होता. मी सांगितलं तेव्हा तो उठला आणि नळावर जाऊन तोंड धुऊन आला. मीही धुतलं.

पुढे महिनोन्‌महिने शिकवणी चालली. वरिष्ठ ऑपरेटर शेजारी बसून शिकवतो, आणि एक दिवस उतरून जातो. सुगंधाचा तो दिवस ठरला तेव्हा बातमी गावभर झाली. यार्डाच्या जाळीपलीकडे माणसं उभी राहिली, पुढे तिची सासू आणि सासूच्या कडेवर नात. नव्या माणसाला पहिला डबा रिकामा देतात. आणि पहिल्या ट्रेलरवर कुणाला पाठवायचं, यावर ड्रायव्हरांत जरा चुळबुळ झाली. नवखा ऑपरेटर डबा आदळतो, खाली ड्रायव्हरच्या पाठीचा मणका झणाणतो, आणि मग दोन दिवस तो वाकून चालतो. नामदेव कुणाला न विचारता आपला ट्रेलर घेऊन क्रेनखाली येऊन उभा राहिला.

मी सुरक्षेच्या रेषेबाहेर उभी होते. ट्रेलरच्या केबिनमध्ये नामदेवने स्टिअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरलं होतं आणि डोळे मिटून तो काहीतरी पुटपुटत होता. वरून डबा आला. हळू, आणखी हळू, मग जरा थांबला. बसला. चारी कोपरे अडकले, क्रेनची पकड सुटली आणि रिकामी वर गेली. जाळीपलीकडून टाळ्या सुरू झाल्या. नामदेव तसाच, डोळे मिटून. मागे दुसरा ट्रेलर येऊन उभा राहिला, त्याच्यामागे तिसरा.

शेवटी त्याने एक डोळा उघडला, खिडकीतून डोकं बाहेर काढलं आणि वर बघून ओरडला, "अगो सुगंधा, ठेवतेस का मी जेवून येऊ?"

खाली इशारे करणारा माणूस हसण्याने वाकला होता, त्याच्याने बोलवेना. त्याच्या हातातल्या वॉकीटॉकीतून वरचा आवाज आला.

"मामा, कवाच ठेवलाय. जावा आता, मागं लाईन लागलीय."